पारा, पंप आणि पोकळी: निर्वाताच्या पहिल्या प्रयोगांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं. आता शाळांमध्ये आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर हवेच्या दाबाचे जुने प्रयोग करून दाखवतो. प्रयोग संपला की मुलं, त्यांचे आईबाबा, कधी शिक्षकही थांबून प्रश्न विचारतात, आणि त्यातले बरेच प्रश्न दर वेळी तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. गोष्ट मुख्यतः सतराव्या शतकातली आहे, इटली, फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंडमधली.

निर्वात म्हणजे नेमकं काय? आणि त्यावरून एवढं भांडण का झालं?

ज्या जागेत काहीही नाही, हवासुद्धा नाही, ती निर्वात. ॲरिस्टॉटलचं म्हणणं होतं की अशी जागा असूच शकत नाही. पुढे युरोपात हे मत 'निसर्गाला पोकळीचं वावडं आहे' अशा शब्दांत पक्कं झालं. बाटलीतून पाणी ओतताना हवा गुडगुडत आत शिरते, नळीने ओढलं की पाणी वर चढतं, भात्याचं तोंड दाबून धरलं तर तो उघडत नाही. या सगळ्याचं कारण एकच सांगत: रिकामी जागा होऊ नये म्हणून निसर्ग धडपडतो.

हे स्पष्टीकरण वेडगळ नव्हतं. रोजच्या अनुभवाशी ते चांगलं जुळत होतं, म्हणून तर इतकी शतकं टिकलं. ते हटवायला युक्तिवाद पुरले नाहीत. त्यासाठी काच, पारा, पितळ आणि कातडं लागलं.

याची सुरुवात विहिरीच्या पंपापासून झाली असं ऐकलं आहे. खरं का?

बऱ्याच अंशी खरं आहे. पाणी ओढणारा पंप सुमारे दहा मीटरच्या वर पाणी चढवत नाही, हे काम करणाऱ्यांना माहीत होतं. १६३० मध्ये जिनोव्हाच्या जोव्हान्नी बाल्यानीने गॅलिलिओला पत्र लिहून विचारलं, की सुमारे वीस मीटर उंचीच्या टेकडीवरून वक्रनळीने पाणी पलीकडे न्यायचं आहे, पण ते जात नाही, असं का? गॅलिलिओने १६३८ च्या त्याच्या ग्रंथात या मर्यादेचा उल्लेख केला आणि कारणही दिलं: लांब दोर जसा स्वतःच्याच वजनाने तुटतो, तसा पाण्याचा स्तंभ तुटतो. कारण चुकीचं होतं, पण 'निसर्गाच्या वावड्याला मोजता येण्याजोगी मर्यादा आहे' हे त्यातून मान्य झालं होतं, आणि ते फार मोलाचं होतं.

हा प्रश्न आपल्याकडच्या शेतकऱ्याला परका नाही. आमच्या विहिरीला आत उतरून एक कट्टा बांधलेला होता आणि मोटर त्या कट्ट्यावर बसवलेली असे. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, मोटर वरच का नाही बसवत, पावसाळ्यात सारखी हलवावी लागते. ते म्हणाले, "वरून ती पाणी ओढत नाही रे, खाली बसवली की ढकलते पाहिजे तितकं." समुद्रसपाटीला हिशेबाने १०.३ मीटर निघतात. प्रत्यक्षात पाइपातलं घर्षण आणि बारीकसारीक गळती यामुळे सात मीटरच्या पुढे बहुतेक पंप दम सोडतात. ओढण्याला मर्यादा आहे, ढकलण्याला नाही, हे वडिलांनी एका वाक्यात सांगितलं होतं. मला ते पदवीच्या वर्गात उमजलं.

टॉरिचेल्लीने काय केलं?

एव्हान्जेलिस्ता टॉरिचेल्ली हा गॅलिलिओनंतर फ्लॉरेन्सच्या दरबारी गणितज्ञ झाला. पाण्याऐवजी पारा घेतला तर नळी लहान पुरेल, हे त्याच्या लक्षात आलं. साधारण सव्वा मीटर लांबीची, एका टोकाला बंद अशी काचेची नळी पाऱ्याने काठोकाठ भरायची, उघड्या तोंडावर बोट ठेवायचं, नळी उलटी करून पाऱ्याच्या भांड्यात बुडवायची आणि बोट काढायचं. पारा थोडा खाली येतो आणि थांबतो. भांड्यातल्या पातळीपासून सुमारे ७६ सेंटिमीटरवर. त्याच्या वर रिकामी जागा राहते.

कल्पना टॉरिचेल्लीची, पण प्रयोग हातांनी केला तो त्याचा तरुण सहकारी विन्चेन्झो व्हिव्हियानीने. १६४४ च्या ११ जूनला टॉरिचेल्लीने रोममधल्या मिकेलान्जेलो रिच्चीला पत्र लिहून सगळं कळवलं. आपण हवेच्या एका महासागराच्या तळाशी बुडून राहतो आहोत, आणि त्या हवेला वजन आहे, असं त्या पत्रात आहे. पारा वर धरून ठेवणारी शक्ती नळीच्या आत नाही, बाहेर आहे.

त्याचा पुरावा फार सुंदर आहे आणि पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच येतो. त्यांनी दोन नळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. एक सरळ, दुसरीच्या टोकाला मोठा फुगा. पोकळीच जर पाऱ्याला वर खेचत असेल, तर मोठ्या पोकळीने जास्त खेचायला हवं. दोन्हीकडे पारा एकाच उंचीवर राहिला.

पाराच का घेतला?

कारण तो पाण्यापेक्षा १३.६ पट जड आहे. ०.७६ मीटरला १३.६ ने गुणा, १०.३ मीटर येतात, म्हणजे पंपाची तीच जुनी मर्यादा. हा गुणाकार मी फळ्यावर करतो तेव्हा वर्गात दर वेळी एक क्षण शांतता पसरते.

पाण्याची नळी वापरून हाच प्रयोग टॉरिचेल्लीच्या थोडं आधी रोममध्ये गास्पारो बर्तीने केला होता. दहा मीटरहून उंच शिशाची नळी त्याने घराच्या भिंतीला लावली आणि वरच्या टोकाला काचेचा गोल बसवला. असलं धूड रोज कोण उभं करणार? सव्वा मीटरची नळी मात्र टेबलावर मावते, कुणालाही पुन्हा करून बघता येते. प्रयोग पसरला तो त्यामुळे.

पण त्या रिकाम्या जागेत खरंच काही नव्हतं, हे कशावरून?

हाच त्या काळातला खरा वाद होता. बर्तीच्या काचेच्या गोलात एक छोटी घंटा टांगली होती, आणि बाहेरून लोहचुंबकाने तिची हातोडी हलवता येत होती. विचार असा की आत काहीच नसेल तर आवाज येणार नाही. आवाज आला! काही जणांनी लगेच निष्कर्ष काढला की आत हवा आहेच. आज आपण सांगू शकतो की आवाज घंटेच्या आधारातून, काचेतून बाहेर येत होता. पण त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या माणसाने काय मानावं? प्रयोग उत्तर देतो, मात्र आपण नेमका कोणता प्रश्न विचारला आहे हे बघणं आपल्यावरच असतं.

पाऱ्याच्या वरची जागाही अगदी रिकामी नसते. तिथे पाऱ्याची अत्यंत विरळ वाफ असते. पाण्याच्या नळीत तर वाफ चांगलीच जाणवण्याइतकी असते, त्याचा हिशेब पुढे देतो.

पास्कल डोंगर चढला होता का?

नाही. फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्कलची तब्येत नाजूक होती आणि तो तेव्हा पॅरिसमध्ये होता. डोंगर चढला त्याचा मेहुणा, बहीण जिल्बर्टचा नवरा, फ्लोराँ पेरिए.

त्याआधी पास्कलने फ्रान्समधल्या रुआँ गावात मोठे जाहीर प्रयोग केले होते. तिथले काचकाम करणारे कारागीर नावाजलेले होते. ४६ फूट लांबीच्या काचेच्या नळ्या त्यांनी करून दिल्या, आणि त्या जहाजाच्या डोलकाठीला बांधून उभ्या केल्या. एकीत पाणी, दुसरीत लाल वाइन. विरोधक म्हणत होते, वरच्या जागेत द्रवाची वाफ भरते आणि ती स्तंभाला खाली दाबते. वाइन पाण्यापेक्षा लवकर उडते, म्हणजे वाइन खाली राहायला हवी. पास्कलचं म्हणणं, वाइन हलकी आहे म्हणून ती वर राहील. वाइन वर राहिली.

डोंगराचा प्रयोग १९ सप्टेंबर १६४८ चा. उंचावर डोक्यावरची हवा कमी, म्हणजे तिथे पारा खाली उतरायला हवा, ही त्यामागची कल्पना. क्लेरमाँ गावाजवळचा प्यूई द डोम हा जुना ज्वालामुखी, उंची १,४६५ मीटर. पेरिएने सकाळी गावातल्या मठाच्या बागेत दोन नळ्या भरल्या. दोन्हींत पारा सारखाच: आजच्या मापात ७१.२ सेंटिमीटर. एक नळी तिथेच ठेवली आणि शाताँ नावाच्या मठवासीला दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला सांगितलं. दुसरी घेऊन काही प्रतिष्ठित साक्षीदारांसह तो शिखरावर गेला. वर पारा ६२.७ सेंटिमीटरवर आला, साडेआठ सेंटिमीटर कमी. पेरिए एवढ्यावर थांबला नाही. शिखरावर वेगवेगळ्या जागी, उघड्यावर आणि आडोशाला, धुकं असताना आणि नसताना, त्याने पाच वेळा मोजमाप केलं. उतरताना मध्ये एकदा थांबून मोजलं. खाली आल्यावर मठवासीने सांगितलं, इथली नळी दिवसभर हलली नाही.

मला या सगळ्यात सर्वांत थोर वाटते ती खाली ठेवलेली नळी. ती नसती तर कुणीही म्हणालं असतं, आज हवामानच बदललं असेल. तुलनेसाठी एक गोष्ट जागची न हलवता ठेवायची, ही सवय आज प्रत्येक प्रयोगशाळेत आहे. इथे ती अगदी ठळक दिसते.

टॉरिचेल्ली १६४७ मध्ये गेला आणि पास्कल १६६२ मध्ये. दोघांचंही वय ३९ होतं.

हा प्रयोग आपल्याकडे करता येईल का?

जरूर करा, आणि पारा नकोच. बऱ्याच मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो आणि त्याचं वाचन दाखवणारी मोफत ॲप्स मिळतात. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर. तिथे दाब साधारण ९५० हेक्टोपास्कल, म्हणजे पाऱ्याची नळी असती तर ७१ सेंटिमीटर दाखवेल, योगायोगाने पेरिएच्या मठातल्या आकड्याइतकाच. सिंहगडाचा माथा १,३१२ मीटरवर आहे. तिथे दाब सुमारे ८७० च्या आसपास येतो, पारा सहा सेंटिमीटर उतरल्यासारखं. एक फोन पायथ्याशी, किंवा पुण्यात घरी, कुणाकडे तरी ठेवा आणि दर अर्ध्या तासाला आकडा लिहायला सांगा. शाताँचं काम आजीआजोबा फार आनंदाने करतात, हा माझा अनुभव आहे.

मोबाइल नसला तरी चालेल. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला जाताना वेफर्सचं पाकीट सोबत घ्या. वर पोहोचेपर्यंत ते टम्म फुगलेलं असतं. पुढे इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइलच्या प्रयोगात तोंड बांधलेलं जनावराचं मूत्राशय फुगलं, ते याच कारणाने.

घोड्यांची गोष्ट खरी आहे का? घोडे आठ होते की सोळा?

गोष्ट खरी आहे, तपशिलांची मात्र बरीच सरमिसळ झाली आहे.

ओटो फॉन गेरिके हा माग्डेबुर्गचा महापौर. १६३१ मध्ये तीस वर्षांच्या युद्धात हे शहर जाळून बेचिराख झालं होतं आणि ते पुन्हा उभं करण्यात गेरिकेचा मोठा वाटा होता. विश्वाच्या पोकळीत ग्रह फिरतात तर पोकळी असते का, हा त्याचा प्रश्न. त्याने बीअरचं लाकडी पिंप पाण्याने भरलं, सगळ्या फटी बुजवल्या आणि आग विझवायच्या पंपासारखा पितळी पंप खाली लावून पाणी उपसायला सुरुवात केली. दणकट माणसं दट्ट्या ओढत होती. पाणी निघालं तशी लाकडाच्या रंध्रांतून हवा शिट्टी घालत आत शिरली. मग त्याने पिंपात पिंप ठेवून पाहिलं. तेही जमलं नाही. मग तांब्याचा गोल केला आणि त्यातून सरळ हवाच उपसायला घेतली. हवा बरीचशी निघाल्यावर तो गोल एकाएकी मोठा आवाज करून चुरगळला, सगळे घाबरले. गेरिकेने कारण ओळखलं: कारागिराने गोल नीट गोल केला नव्हता. दुसरा, अचूक गोल केला आणि तो टिकला.

१६५४ मध्ये रेगेन्सबुर्गला सम्राट तिसरा फर्डिनांड आणि जमलेल्या राजेरजवाड्यांसमोर त्याने आपला पंप आणि काही प्रयोग दाखवले. तांब्याच्या दोन अर्धगोलांना घोडे जुंपायचा प्रसिद्ध प्रयोग मात्र १६५७ चा, माग्डेबुर्गचा. अर्धगोलांचा व्यास सुमारे अर्धा मीटर. मध्ये मेण आणि टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं कातड्याचं कडं. घोडे एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ, म्हणून दोन्ही आकडे ऐकायला मिळतात. हवा पूर्ण काढता आली तर एवढ्या अर्धगोलांना वेगळं करायला साधारण दोन टन वजनाइतकी ओढ लागते.

आता मुलांना विचारायचा प्रश्न: एका बाजूचे आठ घोडे सोडून ते टोक झाडाला बांधलं तर ओढ कमी होईल का? होणार नाही. झाड तेवढ्याच बळाने उलट धरून ठेवेल. पण सोळा घोड्यांचा थाट काही वेगळाच, आणि गेरिकेला लोकांच्या डोळ्यांसमोर हे घडवायचं होतं.

मूळ अर्धगोल म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहेत.

बॉइलचा पंप वेगळा कसा होता?

गेरिकेच्या गोलात आत काय चाललंय ते दिसत नसे आणि आत वस्तू ठेवणंही अवघड होतं. १६५७ मध्येच गास्पार शॉटने त्याचं वर्णन छापलं, ते ऑक्सफर्डमध्ये रॉबर्ट बॉइलने वाचलं. बॉइल मोठ्या जमीनदार उमरावाचा मुलगा, पैशाला कमी नव्हता. आधी राल्फ ग्रेटोरेक्स या उपकरणं करणाऱ्या कारागिराकडे काम दिलं, ते मनासारखं झालं नाही. मग बॉइलच्या हाताखाली काम करणाऱ्या रॉबर्ट हूकने पंप रचला. १६५९ मध्ये तो चालू झाला तेव्हा हूक चोवीस वर्षांचाही नव्हता.

वर काचेचं सुमारे २८ लिटरचं गोल भांडं, त्याला वस्तू आत सोडण्यासाठी झाकणाचं तोंड. खाली पितळी नळकांडं, त्यात कातडं गुंडाळलेला दट्ट्या, आणि दट्ट्या वरखाली करायला दातेरी पट्टी व हँडल. प्रत्येक फेरीला झडप हाताने उघडायची, दट्ट्या खाली ओढायचा, झडप बंद करायची, दुसऱ्या भोकातली खुंटी काढायची, दट्ट्या वर ढकलून हवा बाहेर टाकायची, खुंटी परत लावायची. सांध्यांवर तेल ओतायचं. भांडं रिकामं होत जाईल तसतसा दट्ट्या ओढणं जड होत जातं.

१६६० मध्ये बॉइलने या पंपावरचे ४३ प्रयोग छापले. टॉरिचेल्लीची नळीच त्याने भांड्यात ठेवली आणि पंप चालवला. दट्ट्याच्या प्रत्येक फेरीगणिक पारा टप्प्याटप्प्याने उतरत गेला, आणि हवा परत सोडताच वर चढला. मेणबत्ती विझली. दोऱ्याला टांगलेल्या घड्याळाची टिकटिक मंदावत ऐकू येईनाशी झाली. बर्तीच्या घंटेचं कोडं इथे सुटलं, कारण घड्याळ भांड्याला टेकलेलं नव्हतं. लोहचुंबकाने सुई मात्र भांड्याबाहेरूनही हलली. कोमट पाणी चूल नसताना उकळलं.

सगळ्यांना हे पटलं का?

नाही. आणि विरोध करणारे मूर्ख होते असं मी कधीच शिकवत नाही.

थॉमस हॉब्ज या इंग्लिश तत्त्वज्ञाने १६६१ मध्ये लिहिलं की हा पंप गळतो, आणि गळणाऱ्या यंत्रातून तुम्ही तत्त्वज्ञान उभारता आहात. पंप गळत होताच. बॉइलने ते लपवलं नाही. कुठे फुटलं, कुठे हवा शिरली, किती वेळ टिकलं हे त्याने पानंच्या पानं लिहिलं. त्याचं लेखन त्यामुळे कंटाळवाणं वाटतं, पण ज्याला तसाच पंप बांधायचा होता त्याच्यासाठी ही पानं सोन्याची होती.

आणि तरीही केवळ वाचून पंप बांधणं फार कठीण गेलं. हॉलंडमध्ये क्रिस्तियान हॉयगन्सने १६६१ मध्ये स्वतःचा पंप केला. त्याला एक विचित्र गोष्ट दिसली: आधी हवा काढून घेतलेलं पाणी नळीत भरलं, तर भोवतालची हवा उपसूनही ते खाली उतरत नाही. बॉइलला इंग्लंडमध्ये हे दिसेना. पत्रं गेली, पत्रं आली. शेवटी १६६३ मध्ये हॉयगन्स लंडनला आला, तेव्हा कुठे तिथेही ते दिसलं. पाण्याच्या कणांची एकमेकांशी आणि काचेशी असलेली घट्ट पकड हे त्यामागचं कारण आज आपण सांगतो. मला यात दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. काही कसब कागदावर उतरत नाही, ते हातातून हातातच जातं. शिंप्याला, गवंड्याला, तबलजीला हे सांगावं लागत नाही.

'बॉइलचा नियम' कसा सापडला?

एका टीकेला उत्तर देताना. फ्रान्सिस लाइनस हा जेझुइट पंथाचा पाद्री म्हणत होता की पारा एका अदृश्य तंतूने वरून लटकलेला असतो. हवेच्या 'स्प्रिंग'मध्ये, म्हणजे दाबल्यावर परत फुगण्याच्या जोरात, खरंच केवढी ताकद आहे हे दाखवण्यासाठी बॉइलने इंग्रजी जे अक्षरासारखी वाकडी नळी घेतली. आखूड बाजू बंद, लांब बाजू इतकी उंच की ती जिन्याच्या मोकळ्या जागेत उभी करावी लागली. एक जण वर जिन्यावरून पारा ओततोय, दुसरा खाली अडकलेल्या हवेची उंची वाचतोय. पहिली नळी फुटली. पुढच्या खेपेला सांडणारा पारा वाया जाऊ नये म्हणून खाली लाकडी खोकं ठेवलं.

१६६२ मध्ये छापलेल्या तक्त्यातले तीन आकडे बघा. हवेची उंची १२ इंच तेव्हा एकूण दाब पाऱ्याच्या २९.१ इंचांइतका. हवा ६ इंचांवर आली तेव्हा ५८.८. तीन इंचांवर आली तेव्हा ११७.६. नियम तंतोतंत असता तर शेवटचे दोन आकडे ५८.२५ आणि ११६.५ आले असते. बॉइलने दोन्ही स्तंभ शेजारी शेजारी छापले, मोजलेला आणि अपेक्षित, फरकासकट. माझ्या विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये वाचनं संशयास्पदरीत्या अचूक आली की मी त्यांना हा तक्ता दाखवत असे.

दाब आणि आकारमानाचा हा संबंध असावा असं रिचर्ड टाउनलीने सुचवलं होतं, हे बॉइलने स्वतः नोंदवलं आहे. फ्रान्समध्ये १६७६ मध्ये मारिओतने तोच नियम मांडला, म्हणून तिथे त्याचं नाव जोडतात.

पंपात पक्षी ठेवून मारत असत, हे खरं?

खरं आहे, आणि मला ते वाचताना आजही त्रास होतो. बॉइलने चंडोल, चिमणी, उंदीर ठेवून पाहिले. हवा काढल्यावर चंडोल दहा मिनिटांच्या आत मेला. श्वासाला हवा लागते हे सगळ्यांना माहीत होतं, पण हवेचा नेमका काय उपयोग होतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा बघायला आलेल्या स्त्रियांनी कळवळून पक्षी सोडवायला लावला आणि पुढचे प्रयोग रात्री करावे लागले, असं बॉइलने लिहिलं आहे. शंभर वर्षांनी, १७६८ मध्ये, जोसेफ राइटने अशाच प्रयोगाचं मोठं चित्र काढलं. त्यात एक मुलगी डोळे झाकून घेते. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

हूक १६७१ मध्ये स्वतः एका मोठ्या पिंपात बसला आणि बाहेरून हवा उपसायला सांगितली. त्याचे कान दुखायला लागले.

या सगळ्यात बायका कुठे होत्या?

लेखी नोंदींत फार थोड्या. ३० मे १६६७ ला मार्गारेट कॅव्हेंडिश लंडनच्या रॉयल सोसायटीत आली आणि तिला हवेचं वजन करण्यासह काही प्रयोग दाखवले गेले. ती नुसती पाहुणी नव्हती. उपकरणांवर फार विसंबणाऱ्या विज्ञानावर टीका करणारा ग्रंथ तिने आदल्याच वर्षी छापला होता. त्या संस्थेत स्त्रियांना सभासदत्व मिळालं ते १९४५ मध्ये.

घरी कोणता प्रयोग करावा? पारा कुठे मिळेल?

पारा नको. त्याची वाफ विषारी असते, ती दिसत नाही, वास येत नाही, आणि सांडलेला थेंब फरशीच्या फटीत वर्षानुवर्षं राहतो. जुना थर्मामीटर फोडून पारा गोळा करू नका.

बर्तीचा पाण्याचा प्रयोग करा. चार मजली इमारतीचा जिना पुरतो. जाड भिंतीची पारदर्शक नळी बारा मीटर घ्या. पाणी उकळून गार करून वापरा, नाहीतर विरघळलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. नळी पूर्ण भरून एक टोक घट्ट बंद करा, दुसरं बादलीत बुडवा आणि बंद टोक दोरीने वर ओढा. पुण्यात २५ अंश तापमानाला पाणी साधारण ९.४ मीटरवर थांबतं. हवेच्या दाबाने ९.७ मीटर यायला हवेत, त्यातले सुमारे ३० सेंटिमीटर वरच्या वाफेचा दाब खातो. मुंबईत हाच आकडा दहा मीटरच्या आसपास येतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी बागेची मऊ नळी घेतली होती. नववा मीटर ओलांडता ओलांडता ती वरच्या बाजूला चपटी होऊन चिकटली. गेरिकेच्या चुरगळलेल्या गोलाची त्या दिवशी फार आठवण झाली. जिन्यात कठड्यावर वाकायचं काम मोठ्यांनीच करावं.

ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती ठेवून वर ग्लास झाकला की पाणी चढतं. ते ऑक्सिजन संपल्यामुळे ना?

मुख्यतः नाही. ज्योतीने तापलेली, फुगलेली हवा ग्लासात अडकते. ज्योत विझल्यावर ती गार होऊन आकसते आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. म्हणूनच पाणी ज्योत जळताना हळूहळू न चढता विझल्यावर झपकन चढतं. दोन मेणबत्त्या ठेवून बघा, पाणी आणखी चढेल. ऑक्सिजन तर तेवढाच आहे.

या पंपांचं पुढे काय झालं?

दीडशे-दोनशे वर्षं पंप थोडे थोडे सुधारत गेले. मोठी झेप एकोणिसाव्या शतकात: गाइसलरने १८५० च्या दशकात आणि श्प्रेंगेलने १८६५ मध्ये पाऱ्याचेच पंप केले. दट्ट्याची जागा पाऱ्याने घेतल्यावर गळणारं कातडंच उरलं नाही. त्या निर्वातामुळे एडिसनच्या दिव्यातली तार टिकली. तशाच नळ्यांवर काम करताना रॉन्टगेनला १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि थॉमसनला १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन.

महाराष्ट्रात वायुभारमापकाचा, म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या बॅरोमीटरचा, इतिहास आहे का?

आहे. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये उभी राहिली, आणि १८४१ पासून तिथे हवामानाच्या व चुंबकत्वाच्या नोंदी नियमित होऊ लागल्या. विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजमाप १९०४ मध्ये अलिबागला हलवलं, हवामानाच्या नोंदी कुलाब्यालाच राहिल्या. आपल्या भागात वायुभारमापक रोज एक छान लय दाखवतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला दाब चढलेला, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला उतरलेला. युरोपात वादळांच्या ये-जा मध्ये ही लय झाकून जाते. आपल्याकडे मोबाइलवरही दोन दिवसांत दिसते.

मूळ उपकरणं कुठे बघायला मिळतात?

फ्लॉरेन्सच्या म्युझियो गॅलिलिओमध्ये त्या काळच्या काचकाम करणाऱ्यांचे अद्भुत थर्मामीटर आहेत. नेदरलँड्समध्ये लायडनच्या बूरहावे म्युझियममध्ये सामुएल फान मुसेनब्रुकने १६७५ मध्ये केलेला पंप आहे. हूकने केलेला पहिला पंप उरलेला नाही.

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जुना फॉर्टिनचा वायुभारमापक आणि पितळी हवापंप पडून आहे. निकाली काढायचा म्हणतात. काय करावं?

हा प्रश्न आला की मी हातातलं काम ठेवून उत्तर देतो.

आधी फोटो काढा, सगळ्या बाजूंनी, आणि पितळेवर कोरलेलं कारागिराचं नाव व क्रमांक वाचून लिहून घ्या. पितांबरी किंवा चिंचेने घासू नका, वरचा लाखेचा थर जुना आहे आणि तो एकदा गेला की परत येत नाही. पंपाचं वाळलेलं कातडं फेकू नका, नमुना म्हणून पाकिटात ठेवा. वायुभारमापकात पारा असेल तर तो आडवा करून उचलू नका. खालच्या स्क्रूने पारा नळीत हळूहळू पूर्ण चढवावा लागतो, मग सावकाश उलटा करून न्यायचा असतो, आणि हे ज्याने आधी केलं आहे अशा माणसाकडूनच करून घ्या. पारा गळत असेल तर खोली उघडी ठेवून तज्ज्ञांना बोलवा.

आणि डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, शोधा. मी एका ठिकाणी असं रजिस्टर उघडलं तेव्हा पंपाची नोंद सापडली: खरेदीचं वर्ष, किंमत, आणि पुढे शाईने वेगवेगळ्या हस्ताक्षरांत चार वेळा लिहिलेलं 'कातडे बदलले'. प्रत्येक नोंदीखाली प्रयोगशाळेच्या शिपाईमामांची सही होती.